किट घालून रुग्णाजवळ बसताना: साथीच्या वॉर्डात पहिल्यांदा जाणाऱ्या सिस्टर-ब्रदरांसाठी

कोविड वॉर्डातले एक आजोबा मला रोज एकच प्रश्न विचारायचे, "काल तुम्हीच होता का?" मी नसायचे. पण पांढऱ्या किटमध्ये आम्ही सगळे सारखेच दिसायचो. दिवसभरात दहा-बारा जण त्यांच्या खाटेपाशी येऊन जायचे, कुणी सुई टोचायला, कुणी बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायला, कुणी ताट ठेवायला, आणि तरी त्यांना दिवसभरात कुणी भेटलेलं नसायचं. चौथ्या दिवशी मी मार्करने छातीवर मोठ्या अक्षरात स्वतःचं नाव लिहून गेले. त्यांनी चष्मा मागितला, नाव वाचलं आणि म्हणाले, "अहो, माझ्या पुतणीचं नाव."

२०२१ नंतर नोकरीला लागलेल्या बऱ्याच जणांनी साथीचा वॉर्ड पाहिलेलाच नाही. हा लेख त्यांच्यासाठी आहे. औषधं कोणती द्यायची ते डॉक्टर आणि त्या वेळचा प्रोटोकॉल सांगेल. बाकीचं काम कसं करायचं ते मी शिफ्टच्या क्रमाने सांगते. किटमध्ये आपला चेहरा दिसत नाही, हसू दिसत नाही, आवाजही दबतो. त्यामुळे नेहमीच्या वॉर्डात जे नुसत्या वावरण्यातून पोचतं, ते इथे ठरवून, कामाच्या क्रमात बसवून करावं लागतं.

आत जाण्याआधी

किट चढवण्याआधी अर्धा तास स्वतःसाठी ठेवा. खाऊन घ्या, पाणी प्या, लघवीला जाऊन या. पाळी चालू असेल तर इनचार्ज सिस्टरला स्पष्ट सांगा आणि मधली सुट्टी मागून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही. सहा तास तहानलेली सिस्टर पाचव्या तासाला रुग्णावर खेकसतेच. मीही खेकसले आहे.

किटमध्ये घाई नको. हात, गाऊन, एन-९५, गॉगल, हातमोजे असा जो क्रम तुमच्या ठिकाणी भिंतीवर लावलेला असेल तो पाळा आणि दुसऱ्या कुणाला तरी बघायला लावा. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाई फुल्यांनी पुण्याजवळच्या मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन आपल्या मुलाच्या, डॉक्टर यशवंतरावांच्या दवाखान्यात आणलं आणि १० मार्चला त्या स्वतः प्लेगनेच गेल्या. महाराष्ट्रात कोविडचे पहिले रुग्ण पुण्यात सापडले ते ९ मार्च २०२० ला, म्हणजे त्यांच्या स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी. त्यांच्यापुढे हात जोडावेत, पण त्यांच्याकडे एन-९५ नव्हता आणि आपल्याकडे आहे, हेही लक्षात ठेवावं. घाईत मास्क नीट न बसवता आत धावणारी सिस्टर चार दिवसांनी शेजारच्या खाटेवर असते आणि तिच्या वाटचं काम दुसरीवर पडतं.

ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून वॉर्डाचा ताबा) घेताना सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण), सलाईन, शुगर यांच्याबरोबर चार गोष्टी विचारा. यांना घरी काय म्हणतात? कोणती भाषा नीट कळते? चष्मा, कानाचं यंत्र, कवळी कुठे आहे? आणि चौथी, सगळ्यात महत्त्वाची: घरचं आणखी कोण आजारी आहे आणि त्याबद्दल रुग्णाला काय सांगितलंय? दुसऱ्या लाटेत अख्खी घरं दाखल होती, नवरा आयसीयूत, बायको जनरल वॉर्डात. नवरा गेल्याचं बायकोला एखाद्या नव्या सिस्टरच्या तोंडून चुकून कळणं, यासारखी वाईट गोष्ट नाही. हे कोण सांगणार, कधी सांगणार, ते केस पेपरवर लिहिलेलं असावं.

पहिली पाच मिनिटं

खाटेच्या पायाशी, रुग्णाला दिसेल असं उभं राहा. हात वर करा, नाव सांगा, किती वाजेपर्यंत आहात ते सांगा. "मी रात्री आठपर्यंत इथेच आहे" या वाक्याने माणूस निम्मा निवांत होतो. मग स्टूल ओढून बसा. उभ्याने दहा मिनिटं बोलण्यापेक्षा बसून दोन मिनिटं बोललेलं रुग्णाला जास्त वाटतं.

"बारा नंबर" म्हणू नका. सरसकट "आजी", "काका"ही नको. विचारून घ्या. निवृत्त शिक्षकाला "गुरुजी" म्हटलं की ते उठून बसायचा प्रयत्न करतात. पन्नाशीच्या बाईला "आजी" म्हटलं की ती तोंड फिरवते, आणि बरोबरच आहे तिचं.

मास्कमधून ओरडू नका. ओरडल्यावर आवाज चिरका होतो, आणि ऑक्सिजनच्या फुसफुसण्यात चिरका आवाज आणखी कळत नाही. आवाज खाली आणा, वाक्यं छोटी करा, एका वेळी एकच गोष्ट सांगा. बायपॅपवरच्या (घट्ट मास्कमधून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावरच्या) माणसाला बोलता येत नाही, त्याला पाटी किंवा वही-पेन द्या. तेही जमत नसेल तर हो-नाही इतकेच प्रश्न विचारा: हो असेल तर बोट दाबा.

मग एकच प्रश्न: "आत्ता सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?" उत्तर बहुतेक वेळा श्वासाचं नसतं. मोबाईलचा चार्जर, लघवी, कोरडा घसा, समोरच्या खाटेवर काल रात्री पडदा का लावला होता, अशी उत्तरं येतात. चार्जर दोन मिनिटांत मिळतो. तो आधी द्या, मग सुई टोचा.

हात लावण्याआधी सांगा. दोन हातमोज्यांमधूनही स्पर्श कळतो, पण बोटांच्या टोकांचा नाही, पूर्ण तळव्याचा. चिमटा लावताना त्यांचा हात आपल्या तळहातावर घ्या. याला उपचाराच्या बाजूचं कारणही आहे: गार बोटांवर यंत्र चुकीचा आकडा दाखवतं. ब्राझीलमध्ये २०२१ साली परिचारिकांनी दोन हातमोज्यांत कोमट पाणी भरून ते रुग्णाच्या हाताभोवती बांधले होते, त्याचे फोटो जगभर गेले. त्याचं एक कारण हेच होतं, गार पडलेला हात ऊबदार करणं. आपल्याकडे कुणी असं केलं तर पाणी आधी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, आणि हातमोजा बांधून निघून जाऊ नका.

आकड्याआधी श्वास

श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय इथे सोडा. मिनिटाला २४ च्या वर गेला तर डॉक्टरांना कळवा, ३० च्या वर गेला तर धावा. कोविडमध्ये भारतातल्या प्रोटोकॉलमध्ये सॅच्युरेशनचं लक्ष्य ९२ ते ९६ होतं, फुफ्फुसांचा जुनाट आजार असलेल्यांना ८८ ते ९२. पुढच्या साथीत आकडे वेगळे असतील, पण मोजायची पद्धत हीच राहील. नखावर रंग किंवा मेंदी असेल तर दुसरं बोट बघा.

कोविडने आम्हाला एक गोष्ट शिकवली: ८२ सॅच्युरेशन असलेला माणूस फोनवर हसत बोलू शकतो. म्हणून "कसं वाटतंय?" वर विसंबू नका. त्याला एक लांब वाक्य बोलायला लावा, गावाचा पत्ता विचारा. मध्ये किती वेळा थांबतो ते बघा. आम्ही पत्ता विचारायचो, मग गावाच्या गप्पा निघायच्या. एकाच प्रश्नात तपासणीही व्हायची, ओळखही.

मॉनिटर रुग्णाला सतत दिसेल असा ठेवू नका. आकडा एकने घसरला की छातीत धडधड, धडधडीने श्वास जलद, श्वासाने आकडा आणखी खाली. पण विचारलं तर खोटं सांगू नका. "आत्ता ८९ आहे, पालथं झोपल्यावर बघू किती होतो" हे उत्तर खरंही आहे आणि पुढचं कामही सुचवतं.

एनआरबीएम मास्क (खाली ऑक्सिजनची पिशवी असलेला) असेल तर खालची पिशवी फुगलेली हवी. ती चिपकली तर ऑक्सिजन कमी पडतोय. ह्युमिडिफायरच्या (ऑक्सिजन दमट करणाऱ्या) बाटलीत नळाचं पाणी कधीच नाही. आणि कुणी कितीही मागितलं तरी खाटेपाशी दिवा-उदबत्ती नाही. सॅनिटायझर पूर्ण सुकल्याशिवाय ऑक्सिजनच्या नळीला हात लावू नका.

पालथं झोपवणं

हे फुकटचं औषध आहे आणि रुग्णांना सगळ्यात नकोसं. मान अवघडते, पोट दाबतं, आणि माणसाला मेल्यासारखं वाटतं असं एका काकांनी मला तोंडावर सांगितलं. त्यामुळे आधी कारण सांगा: "फुफ्फुसाचा बराच भाग पाठीकडे असतो. उताणं झोपलं की तो दबतो. पालथं झालात की तो मोकळा होतो." एवढं साध्या मराठीत सांगितलं की बहुतेक जण तयार होतात.

जेवणानंतर एक तास थांबा. गरोदर बाई, पाठीचा कणा, मांडी किंवा कंबरेचं हाड मोडलेला रुग्ण, गंभीर हृदयविकार, पायात नुकतीच रक्ताची गुठळी झालेली असेल तर करायचं नाही. तसं काही नसेल तर डॉक्टरांना विचारून चार-पाच उशा जमवा. एक मानेखाली, एक-दोन छातीपासून मांड्यांपर्यंत, दोन नडग्यांखाली. पोट उशीवर दाबलं जाता कामा नये. ऑक्सिजनची नळी कुठे अडकली नाही ना, हे वळवण्याआधी आणि वळवल्यावर बघा. घंटेचं बटण त्यांच्या हातात द्या. पालथ्या माणसाला सिस्टर दिसत नाही, त्याला तेवढाच आधार असतो.

पहिली दहा-पंधरा मिनिटं जवळ राहा. आकडा वर जाताना त्यांना सांगा. "९१... ९३ झालं बघा." इथे आकडा दाखवायचा. आकडा उलट खाली गेला तर नळी तपासा, कूस बदला. अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत जितकं सोसेल तितकं, मग उजवी कूस, मग टेकून बसणं, मग डावी कूस, पुन्हा पालथं. ज्यांना दोन तास होत नाही त्यांना आम्ही म्हणायचो, एक भीमसेन जोशींचा अभंग संपेपर्यंत. मोबाईलवर लावून द्यायचो. एका अभंगाचे दोन होतात.

दर वेळी वळवताना गाल, कान, गुडघे, आणि बायपॅप असेल तर नाकाचा कणा बघा. लाल झालं असेल तर तेव्हाच दाब हलवा.

संडासचा प्रश्न

यावर कुणी बोलत नाही, म्हणून मी जास्त बोलते. ऑक्सिजन काढून बाथरूमपर्यंत चालत जाणं हा दुसऱ्या लाटेतला मोठा धोका होता. खाटेवर सॅच्युरेशन ९३ असलेला माणूस दारापर्यंत जाईतो सत्तरच्या घरात येतो, दाराची कडी लावतो आणि आत कोसळतो. आणि तो जातोच. कारण भांड्यावर बसायची त्याला लाज वाटते, आणि आपण "उठायचं नाही सांगितलं ना!" एवढंच बोलून जातो.

मी एका चाळिशीच्या ताईंना दोन दिवस भांडं नाकारताना पाहिलं. जेवणच बंद केलं होतं त्यांनी, म्हणजे जायलाच नको. विचारल्यावर कळलं, शेजारच्या खाटेवर एक पुरुष होता आणि पडदा पूर्ण सरकत नव्हता. आम्ही पडद्याला चादर पिना मारून जोडली, सगळं पाच मिनिटांचं काम. त्या संध्याकाळी त्यांनी वरण-भात खाल्ला.

तर क्रम असा. रुग्ण मागेपर्यंत थांबू नका, औषधाच्या वेळीच विचारून टाका: "लघवीचं भांडं देऊ?" पडदा लावा. स्त्री-रुग्णाजवळ शक्यतो सिस्टर किंवा मावशी, पुरुषांना चालत असेल तर ब्रदर किंवा मामा. ऑक्सिजन सुरूच ठेवा. बसता येत असेल तर कमोडची खुर्ची खाटेला लावा. उताणं झोपून शौचाला होत नाही हे कुणालाही कळण्यासारखं आहे. पाण्याचा मग जवळ ठेवा, नुसत्या टिश्यूवर आपल्या लोकांचं समाधान होत नाही. तिथेच उभं राहू नका, पडद्याबाहेर राहा, पण "मी इथेच आहे" असं म्हणा. झाल्यावर हात धुवायला पाणी द्या. नाक मुरडू नका. गॉगलमधून डोळे दिसतात.

बाथरूमला जायची परवानगी असलेल्यांनाही सांगा: आतून कडी लावायची नाही, दारावर पाटी टांगायची.

तोंड, पाणी, जेवण

ऑक्सिजनने तोंड कोरडं ठाक पडतं. दर दोन तासांनी ओल्या गॉजने तोंड पुसा, ओठांना पाण्यात मिसळणारं जेल लावा. तेलकट मलम ऑक्सिजनजवळ नको. जेवताना मास्क काढावा लागतो, तेवढ्यापुरते डॉक्टरांना विचारून नाकातले प्राँग (ऑक्सिजनच्या बारीक नळ्या) लावा. चार घास, थोडा दम, मास्क, पुन्हा चार घास. ताट ठेवून गेलात आणि अर्ध्या तासाने "जेवला नाहीत?" म्हणून उचललंत, तर तो माणूस उपाशी राहिलेला असतो. वास-चव गेलेल्याला भात मातीसारखा लागतो. लिंबाची फोड, लोणच्याचा खार, ताक असं आंबट-खारट काही चालणार असेल तर आहारतज्ज्ञांना विचारा.

स्टिरॉइड चालू असेल तर शुगर वाढते, म्हणून वेळच्या वेळी तपासा. तोंड साफ करताना आत टॉर्च मारा. एका बाजूचा गाल दुखणं, दात हलणं, नाकातून काळपट स्राव, दोन-दोन दिसणं यांपैकी काहीही असेल तर त्याच तासाला सांगा. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस (काळी बुरशी) आपल्या राज्यात किती जणांचे डोळे आणि जबडे घेऊन गेला, ते आठवा.

रात्र

रात्री अकरानंतर काही वयस्कर रुग्ण बरळायला लागतात. सलाईन ओढतात, "माझी म्हैस सुटली" म्हणतात, किटमधल्या आपल्याला भूत समजतात. हा भ्रम आजारामुळे आणि ऑक्सिजनच्या कमतरतेमुळे असू शकतो, म्हणून आधी सॅच्युरेशन, शुगर, ताप, लघवी तुंबली आहे का ते बघा. मग चष्मा लावा, कानाचं यंत्र लावा. भिंतीवर मोठं घड्याळ आणि पाटीवर तारीख, वार, गाव लिहा. वाद घालू नका. "म्हैस बांधली, आता झोपा" हे मी पुष्कळदा म्हटलंय आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही. पण लगेच हळूच सांगायचं, "तुम्ही दवाखान्यात आहात, मी सिस्टर." हात बांधणं हा अगदी शेवटचा उपाय, तोही डॉक्टरांच्या लेखी सांगण्याने.

स्टिरॉइड सकाळी देता येईल का ते राउंडला विचारा, रात्रीच्या डोसाने झोप उडते. दिवे मंद करा. दोनदा उठवण्याऐवजी बीपी, इंजेक्शन, कूस बदलणं एकाच फेरीत उरका.

घरच्यांचा फोन

बाहेरच्यांचे हाल आतल्यापेक्षा वेगळे असतात. त्यांना काहीच दिसत नाही. घरातला एकच माणूस ठरवून घ्या आणि रोजची एक वेळ द्या. संध्याकाळी पाच म्हणजे पाच. काही नवीन नसेल तरी करा. पाचचा फोन साडेसहाला आला तर त्या दीड तासात घरात काय होतं, ते माझा स्वतःचा भाऊ दाखल होता तेव्हा मला कळलं.

आधी आजचं खरं चित्र सांगा, मग एक छोटी गोष्ट. "ऑक्सिजन कालएवढाच लागतोय, कमी झालेला नाही. दुपारी दोन तास पालथे झोपले. तुमच्या हातचं थालीपीठ आठवलं म्हणाले." ही तिसरी गोष्ट खरीच असायला हवी, म्हणून दिवसभरात ती टिपून ठेवा. "बरे होतील ना?" या प्रश्नावर "होतील हो" म्हणू नका, "सांगता येत नाही" एवढ्यावरही सोडू नका. "आजार गंभीर आहे. पुढचे दोन दिवस महत्त्वाचे आहेत. मी त्यांच्याजवळ आहे, उद्या पाचला परत बोलू."

व्हिडिओ कॉल लावण्याआधी रुग्णाला विचारा. केस विंचरा, तोंड पुसा, कवळी बसवा. पलीकडच्यांनाही आधी सांगा की तोंडावर मास्क असेल, चेहरा सुजलेला दिसेल. फोन पारदर्शक पिशवीत घाला आणि धरून उभे राहा. कॉल चालू असताना ऐकलेलं बाहेर बोलू नका.

शेवटचे तास

डॉक्टरांनी सांगितलं की आता फार वेळ नाही, तर वाट बघू नका, घरच्यांना तेव्हाच कळवा. रुग्णालयाच्या नियमात एकाला किट घालून आत येता येत असेल तर त्यासाठी भांडा. नसेल तर फोन कानाशी धरा. गुंगीतल्या माणसालाही ऐकू येत असेल असं धरूनच बोलायला सांगा: नाव घेऊन, नेहमीच्या आवाजात. रडू आलं तरी चालेल.

धाप आणि तगमग कमी करायला औषधं असतात, ती मागा. तुळशीपत्र, गंगाजल, झमझमचं पाणी, प्रार्थना, जे घरचे म्हणतील ते. गिळता येत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही, ओल्या बोळ्याने ओठ टिपायचे. मी हे बऱ्याचदा केलंय, माझ्या स्वतःच्या श्रद्धेचा त्यात संबंध नव्हता.

गेल्यावरही नावानेच बोला, "बॉडी" नको. मंगळसूत्र, अंगठी, मोबाईल यांची यादी दोघांच्या सहीने करून पाकीट बंद करा. केंद्र सरकारच्या मार्च २०२० च्या सूचनांतच लिहिलं होतं की पिशवीची चेन उघडून घरच्यांना चेहरा दाखवता येतो, स्पर्श न करता मंत्र-प्रार्थना करता येते, आणि राखेपासून धोका नाही. तरी कितीतरी घरांना चेहरा दिसला नाही, कारण त्या रात्री ड्यूटीवर असणाऱ्यांना हा कागद माहीत नव्हता. तुमच्या साथीत जो कागद येईल तो वाचा आणि नर्सिंग स्टेशनच्या काचेवर चिकटवा.

बाहेर येताना

सगळ्यात जास्त चुका किट काढताना होतात, कारण आपण थकलेले असतो. प्रत्येक पायरीला हात स्वच्छ करा, मास्क शेवटी, बाहेर येऊन. साबणाने ४० ते ६० सेकंद. बाहेर आल्यावर पाणी प्या आणि ज्या दिवशी कुणी गेलं असेल त्या दिवशी एकटे घरी जाऊ नका, निदान बस स्टॉपपर्यंत कुणाला तरी बरोबर घ्या.

आणि ओव्हर देताना वहीत आकड्यांखाली एक ओळ लिहा. आमच्या वॉर्डातली एक ओळ मला अजून पाठ आहे, माझ्या आधीच्या शिफ्टच्या ब्रदरने लिहिलेली: "खाट १४. गुरुजी म्हणावे. उजव्या कुशीवर झोप लागते. चहा बिनसाखरेचा. मुलगी रात्री नऊला फोन करते, तेव्हा जागे करावे, रागावत नाहीत."